दुर्बिणीजवळचा घास

आमच्या शाळेच्या स्टेजवर युरेनस सापडायचा होता, बासष्ट सालच्या फेब्रुवारीत. तो सापडू दिला नाही. गावाला जे कारण सांगितलं ते खोटं होतं. सांगणाऱ्यालाही ते माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. हे मी मन हलकं करायला लिहीत नाही. मन माझं जड नाहीच. मला राग आहे, आणि तो इतक्या वर्षांत शिळा झालेला नाही.

गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. केळापूरच्या बाजूचं कापसाचं गाव, एवढं पुरे. गावात एक हायस्कूल, कापसातून सरकी काढायचं एक जीन आणि मंगळवारचा बाजार. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे. माझा बा जिनात सरकीची पोती वाहायचा. माय हंगामात कापूस वेचायला जायची, एरवी मिळेल ते काम करायची.

छप्पन्न साली बा आणि माय दीक्षेला नागपूरला गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. परत आले ते पांढऱ्या कपड्यांत, उन्हानं रापलेले, आणि दोघं एकमेकांकडे बघून उगाच हसत होते. दुसऱ्या दिवशी बानं कोनाड्यातले देव काढले. दर शनिवारी एक माणूस लोखंडी शनी वाटीत घेऊन तेल मागायला यायचा. पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा बा दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, आमच्या घरून तुमचा शनी उठला आता. जेवाचं असन तं बस, भाकर देतो. तेल नाही." तो माणूस बसला नाही.

म्हणजे ग्रहांशी आमच्या घराचा संबंध तुटला होता. तो मी पुन्हा जोडला, नववीत, विज्ञानाच्या सरांमुळे.

सर नागपूरकडचे, तरुण, नुकतंच लग्न झालेलं. आम्हाला तोवर जे मास्तर होते ते पुस्तक वाचून दाखवायचे. हे सर पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचे आणि गोष्ट सांगायचे. ग्रह कसे सापडले हे त्यांनी आठवडाभर सांगितलं. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच कुणी एकानं शोधले नाहीत, म्हणाले. गुरं राखणाऱ्यांनी पाहिले, रानात निजणाऱ्यांनी पाहिले. बाकीच्या चांदण्या जागच्या जागी, आणि हे पाच चालतात, एवढं ज्याच्या लक्षात आलं त्याला ते सापडले. मग पृथ्वी. ती तर पायाखालीच होती, पण तीही ग्रहच आहे हे माणसाला कळायला हजारो वर्षं लागली, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना लोकांनी छळलं.

"आणि राहू-केतू?" एकानं विचारलं.

"कुणी पाहिलेत? हात वर करा." कुणीच केला नाही. सर हसले. "जे कुणी पाहिलं नाही, जे मोजता येत नाही, ते ग्रह कसे? त्या चंद्राच्या वाटेवरच्या दोन जागा आहेत, बस."

मी घरी येऊन बाला सांगितलं. त्या संध्याकाळी त्याला अंगणात उभं करून शनी दाखवला, पिवळट, शांत. बानं बराच वेळ मान वर करून पाहिलं. "हाच का तो तेल पिनारा?" म्हणाला. "हा तं आपल्या वाटेले गेलाच नाई कधी."

सरांनीच संमेलनासाठी नाटक लिहिलं, ग्रहांच्या शोधाचं. चार प्रवेश. पहिल्यात गुराखी. दुसऱ्यात इंग्लंडातला एक वाजंत्री. तो पोटासाठी वाद्य वाजवायचा आणि उरलेल्या वेळात घरीच दुर्बिणीचे आरसे घासायचा. त्यालाच युरेनस दिसला, आणि तो आधी त्याला धूमकेतू समजला. तिसऱ्यात कागदावर गणित करून नेपच्यून कुठे असेल ते सांगणारे दोघं. चौथ्यात अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीनं ज्याच्या बापाचं पीक गेलं, ज्यानं जुन्या यंत्रांचे भाग जोडून दुर्बिणी केल्या आणि पुढे एका वेधशाळेत नोकरीला राहून प्लूटो शोधला. चौथा प्रवेश मला फार आवडायचा. पण काम मिळालं दुसऱ्यात.

त्या वाजंत्र्याला एक बहीण होती. आरशाला एकदा पॉलिश करायला घेतलं की हात उचलता येत नाही, उचलला तर आरसा बिघडतो. म्हणून तो तासन् तास घासत बसायचा आणि बहीण त्याच्या तोंडात घास घालायची. सरांनी वर्गात विचारलं, बहीण कोण होईल? वर्गात आम्ही तीन मुली. बाकीच्या दोघी गावातल्या. मुलांबरोबर स्टेजवर जायचं म्हणताच दोघींनी माना खाली घातल्या. मी हात वर केला. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "छान," म्हणाले, "पाठांतरही तुझंच चांगलं आहे."

वाजंत्र्याचं काम मालकाच्या मुलाला मिळालं, कारण हार्मोनियम फक्त त्याच्या घरी होती. मालक म्हणजे जिनाचा मालक. शाळेच्या कमिटीवरही तोच. मुलगा चांगला होता, हे आजही सांगते. गोरा, जाडसर, हसरा. बाकीची पोरं आमच्या बाकापासून बाक सरकवून घ्यायची. तो सरकवत नसे.

तालमी दुपारची शाळा सुटल्यावर व्हायच्या. बांबूच्या तट्ट्याची गुंडाळी करून, तिला काजळी फासून आम्ही दुर्बीण केली. आरसा म्हणून परात. पहिले काही दिवस मी रिकाम्या हातानं घास भरवायची आणि तो रिकाम्या तोंडानं चावायचा. पोरं हसायची. सर म्हणाले, "हे नाही चालणार. खोटा घास लगेच ओळखू येतो. उद्या घरून खरं काहीतरी घेऊन ये."

मी घरी सांगितलं. माय भाकर थापत होती.

"कोनाच्या तोंडात घालनार हायेस?"

"नाटकातल्या भावाच्या."

"अन् भाऊ कोन?"

मी सांगितलं. मायचे हात थांबले. "त्याच्या मायले माहीत हाय?"

"नाटक हाय ते, माय. इंग्लंडातलं हाय."

माय पुन्हा भाकर थापू लागली. दुसऱ्या दिवशी तिनं मला शिळी भाकर दिली नाही. सकाळी उठून ताजी केली, वर जवसाची चटणी घातली आणि धुतलेल्या फडक्यात बांधून दिली.

मालकाच्या मुलानं पहिला घास खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती. हात परातीवर फिरवत, नाक ओढत तो म्हणाला, "अजून दे ना बे." हे नाटकात नव्हतं. सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले. म्हणाले, "अस्सं! आता खरं वाटतं." पुढे रोज मी भाकर नेली आणि रोज त्यानं ती संपवली. एकदा तर मी भाकर आणली आहे का ते बघायला तो तालमीच्या आधीच येऊन बसला.

मग एक दिवस तो शाळेत आला नाही. चपराशानं खिडकीतून तालीम पाहिली होती आणि मालकाच्या घरी सांगितली होती, हे मागून कळलं. दुसऱ्या दिवशी तो आला. गाल सुजलेला होता. पोरांनी विचारलं तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं की घरी त्याला गोमूत्र पाजलं आणि अंगणात बसवून आंघोळ घातली. पोरांनी ते मला ऐकू येईल अशा आवाजात एकमेकांना सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून पुन्हा कधीच पाहिलं नाही.

मी तेव्हा पहिल्यांदा पेटले. मायनं ती भाकर पहाटे उठून केली होती. तिच्या हातचं पोटात गेलं म्हणून ते गाईच्या मुतानं धुवावं लागलं. आणि हे सांगताना पोरांना हसू येत होतं.

दुपारी मालक शाळेत येऊन गेला. तो गेल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. प्रयोगशाळा म्हणजे बाटल्यांचं एक कपाट आणि एक टेबल. सर टेबलाच्या पलीकडे उभे राहिले.

"नाटकात थोडा बदल करू या," म्हणाले. "तू ताट आणून बाजूला ठेव. घास तो स्वतः घेईल."

"पन सर, त्याचे हात आरशावर आहेत. हात उचलला तं आरसा बिघडते. तुम्हीच सांगतलं."

"नाटकात चालतं तेवढं."

"खोटा घास ओळखू येते म्हनले होते तुम्ही."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. मग ते काम दुसऱ्या एखाद्या मुलीला देऊ. तू तिसऱ्या प्रवेशात आकाशाचा नकाशा धर. तेही महत्त्वाचं काम आहे."

"काहून, सर?"

"सगळ्याच गोष्टींना काहून नसतं."

"तुम्ही तं रोज म्हनता, काहून म्हनून इचारा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तू हुशार आहेस. समजून घे." हुशार मुलीनं समजून घ्यायचं. ज्यांनी पोराला मारलं, गोमूत्र पाजलं, त्यांच्याकडे समजून घ्या म्हणायला कोणी गेलं नाही. मी म्हटलं, "मी नकाशा धरत नाही." आणि घरी आले.

दुसरी मुलगी मिळाली नाही. त्या दोघींच्या घरून नकारच आला. नाटक अडलं. आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांच्या मदतीला अष्टग्रही धावून आली.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार होते आणि त्यामुळे जगाचा अंत होणार, अशी हवा देशभर पसरली होती. पंचांगवाले सांगत होते, पेपरात येत होतं, बाजारात तेच. भूकंप होईल, आगी लागतील, धरणी फाटेल. लोक प्रवास टाळत होते. राळेगावहून येणारी एसटी अर्धी रिकामी यायची. ठरलेली लग्नं लोकांनी पुढे ढकलली. सगळीकडे होमहवनं चालू होती.

एका सकाळी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी जाहीर केलं, "सध्याची ग्रहस्थिती पाहता ग्रहांवरचं नाटक करणं उचित होणार नाही. नाटक रद्द करण्यात येत आहे. नाटकाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात, संमेलनासाठी घातलेल्या मांडवातच, गावाच्या वतीनं शांतिहवन होईल."

मी रांगेत उभी होते. सर हेडमास्तरांच्या मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. मला वाटलं, आता ते बोलतील. आठवडाभर ज्यानं आम्हाला शिकवलं, तो माणूस आता एक पाऊल पुढे येईल आणि म्हणेल, ह्या आठांत एक सूर्य आहे, तो तारा आहे. एक चंद्र आहे, तो उपग्रह आहे. एक केतू आहे, तो नाहीच. उरले पाच. युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो ह्यांना तर तुमच्या ह्या मेळाव्याचं आमंत्रणसुद्धा नाही, कारण ते ज्यांनी शोधले त्यांनी पोथीत बघून शोधले नाहीत. मी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं हे सगळं बोलून टाकलं. ते बोलले नाहीत. पायातल्या चपलांकडे बघत राहिले.

त्यांनी आम्हाला नेपच्यूनची गोष्ट सांगितली होती. इंग्लंडातला एक तरुण गणित करून मोठ्या ज्योतिर्विदाच्या दारी गेला, तर नोकरानं सांगितलं, साहेब जेवताहेत. कागद दारातच राहिला आणि शोधाचा मान हातचा जवळजवळ गेला. हे सांगताना सरांनी टेबलावर हात आपटला होता. "एका माणसाच्या जेवणापायी!" म्हणाले होते. समुद्रापलीकडच्या, मरून गेलेल्या माणसावर झालेल्या अन्यायाचा त्यांना एवढा राग येत होता. इथे त्यांच्या समोर एका पोरीच्या हातचा घास काढून घेतला, तर त्यांना चपला दिसत होत्या.

त्या आठवड्यात बाचं काम बंद झालं. जिनाचा मुकादम घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "मालक म्हनते, ग्रह खराब हायेत. तू काही दिवस येऊ नको."

बा म्हणाला, "माह्ये खराब हायेत का मालकाचे?"

मुकादम पाठ फिरवून गेला. गावात आता वेगळीच गोष्ट फिरू लागली होती. नाल्यापलीकडची पोरं स्टेजवर शनीची चेष्टा करणार होती, म्हणून नाटक बंद केलं. घासाचं नाव कोणी काढत नव्हतं. ज्या गोष्टीपायी हे सगळं झालं ती गोष्टच गावानं गिळून टाकली आणि तिच्या जागी ग्रह ठेवले.

मायनं मात्र नाव काढलं. तिनं चुलीपुढे बसून मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग माझ्यावर घसरली, "काहून एकच घास घालत होती? अख्खा टोपला कोंबाचा होता त्याच्या नरड्यात!" बा हसायला लागला. मीही हसले, आणि मग हुंदका आला. बा म्हणाला, "रडू नको. तू काही चोरलं नाहीस. काम आज नाही तं उद्या येते. सरकी काही मालक सोता वाहात नाही."

हवनाच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गावातली अर्धी माणसं घरं सोडून वावरात जाऊन बसली होती, छत अंगावर पडेल म्हणून. आमच्या वस्तीत रोजच्यासारखं चाललं होतं. मायनं सांगितलं, तिकडे जाऊ नको. मी गेले.

मांडव तोच, आमच्या नाटकाचा. स्टेजवर चौकोनी कुंड, तुपाचे डबे, धूर. भटजी मंत्र म्हणत होते. कुंपणाच्या तारेजवळ आमच्या वस्तीतली चार पोरं उभी होती, त्यांच्यात मी जाऊन उभी राहिले. त्या तुपाचा वास अजून आठवतो. आमच्या घरी तूप सणाला यायचं आणि थेंबाथेंबानं वाढलं जायचं. इथे पळीपळीनं आगीत चाललं होतं, केतूसाठी. जो नाही त्याच्यासाठी.

कुंडापुढे पाटांवर जोडपी बसली होती. पहिल्या पाटावर मालक आणि मालकीण. मागच्या पाटावर सर. अंगावर सोवळं, कपाळाला गंध, शेजारी त्यांची बायको. तिला दिवस गेले होते, ते दिसत होतं. सरांनी हातात तांदूळ घेतले, डोळे मिटले आणि भटजींच्या मागून म्हणू लागले. केतूचं नाव आलं तेव्हा त्यांनीही ते घेतलं.

मी ठरवून काही केलं नाही. माझ्या तोंडून आवाज निघाला तो मलाच मोठा वाटला.

"सर! केतू कोनी शोधला?"

मंत्र थांबले. सरांनी डोळे उघडले. त्यांनी मला पाहिलं, नक्की पाहिलं. मी पुन्हा ओरडले, "सांगा ना सर! कोन्या दुर्बिनीतून पाह्यला?"

मग चपराशी धावत आला. त्यानं माझा दंड धरला आणि रस्त्यापर्यंत ओढत नेलं. मागून कोणीतरी आमच्या जातीचं जुनं नाव घेऊन ओरडलं. तेच नाव, जे बा आणि माय नागपूरला सोडून आले होते.

धरणी फाटली नाही. भूकंप झाला नाही. लोक वावरातून घरी आले आणि म्हणाले, हवन केलं म्हणून वाचलो. ह्यावर काय बोलणार?

बाला शाळेत बोलावलं. हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो, हेडमास्तर आणि मालक बसले होते. सर दाराजवळ उभे. हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या मुलीनं धर्मकार्यात विघ्न आणलं. तिनं सगळ्यांसमोर माफी मागावी, नाही तर तिला शाळेत ठेवता येणार नाही."

बानं डोक्यावरचं फडकं काढलं नाही. एरवी मालकापुढे काढायचा. म्हणाला, "साहेब, माह्या पोरीनं शिवी देल्ली का?"

"शिवी नाही. पण..."

"गोटा मारला का?"

"नाही, नाही."

"मंग माफी कायची? तिनं सवाल इचारला, आपल्या मास्तरले. शाळा त्याच्यासाठीच असते असं मले वाटत होतं. जवाब असन तं द्या. नसन तं तसं सांगा."

हेडमास्तरांनी सरांकडे पाहिलं. बानंही पाहिलं. मीही. ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. सर म्हणाले, "ती हुशार मुलगी आहे... थोडी अविचारी." बस, एवढंच.

मालक बाकडे न बघता हेडमास्तरांना म्हणाला, "दाखला देऊन टाका." आणि दाखला दिला.

आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा सर मागून धावत आले. बा पुढे चालत राहिला, मी थांबले. ते दम लागलेल्या आवाजात म्हणाले, "तुला वाटत असेल मी खोटा आहे. घरी बायकोचे दिवस भरत आलेत. आई रोज रडत होती, बाळाला काही झालं तर, म्हणून. मी काय करणार होतो? घरचे बस म्हणाले, बसलो. माझा विश्वास नाही त्यावर."

"हवनाचं मले समजते, सर," मी म्हटलं. "घरच्यायचं भेव असते. पन घास काढला, तो कोन्या बाळापायी?"

ते काहीतरी बोलणार होते. मी वाट पाहिली नाही. लोक म्हणतात, त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी होती. मी समजून घेतली आहे. त्यांना नोकरी होती, कमिटी मालकाची होती. पण ज्यांचा विश्वास होता त्यांच्यावर मी इतकी रागावले नाही. ज्याला सगळं माहीत होतं आणि तरी जो गप्प बसला त्याच्यावर रागावले, आणि तो राग मी मागे घेत नाही.

बाच्या कामासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली नाही. जिनात पोत्यांचे ढीग लागले आणि आठवड्याभरात मुकादम परत आला. बा लगेच गेला नाही. चार दिवस घरी बसून छपराचे वासे बदलले, मग गेला.

मला यवतमाळला वसतिगृहात टाकलं. तिथे मी मॅट्रिक झाले, पुढे कॉलेजात गेले. कॉलेजच्या लायब्ररीत एक दिवस खगोलशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक हाती लागलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी त्या वाजंत्र्याचं प्रकरण वाचलं, आणि वाचता वाचता पुन्हा पेटले. ती बहीण नुसती घास भरवणारी नव्हती. ती स्वतः दुर्बिणीला डोळा लावायची. तिनं स्वतः एकापाठोपाठ एक आठ धूमकेतू शोधले. भावाच्या कामाची किचकट गणितं तिचीच. इंग्लंडच्या राजानं तिला त्या कामाचा पगार दिला, आणि त्या काळात असा पगार बाईला मिळत नसे. हे सगळं सरांच्या पुस्तकातही असणार. नाटक लिहिताना त्यांनी त्यातून एवढंच उचललं की ती भाऊ आरसा घासत असताना त्याला जेवू घालायची. आणि तेवढंही त्यांना जपता आलं नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बाला हे सांगितलं. तो बिडी विझवून म्हणाला, "आठ?"

"आठ."

"अन् तुह्या मास्तरानं तिले सैपाकघरातच ठेवलं?" त्यानं मान हलवली. "तुह्या मायले सांग हे. तिले लई राग येईन." मायला सांगितलं. तिला खरंच आला.

साठचं दशक संपत आलं तेव्हा मला महागावकडच्या एका शाळेत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिथल्या हेडमास्तरांनी वेळापत्रक पुढे केलं. माझ्या नावापुढे शिवण आणि गाणी लिहिली होती. ते वयानं मोठे होते, बोलायला गोड. म्हणाले, "बाई, विज्ञान आमचे एक मास्तर घेतात. ते विज्ञान शिकलेले नाहीत, पण जुने आहेत. तुम्ही मुलींचं बघा."

मी म्हटलं, "मला शिवण येत नाही."

"शिकाल हळूहळू."

"त्या मास्तरांनी शिकावं. मी विज्ञानाची पदवी घेऊन आले आहे."

ते हसले, मग माझ्याकडे नीट बघून हसायचे थांबले. दोन दिवस त्यांनी मला वर्गच दिला नाही. मी रोज वेळेवर येऊन स्टाफरूममध्ये बसून राहिले, आणि शिपाई घंटा वाजवायचा तेव्हा उठून त्यांच्या दारात उभी राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी वेळापत्रकावर रेघ मारली आणि आठवीचं विज्ञान लिहून माझ्याकडे न बघताच कागद पुढे सरकवला. मी तो घेऊन वर्गात गेले.